माळ्याच्या जागी न्हाणी काढली तर खालचाच सोलर वर पुरेल का?

पुरेल, पण लिटरचा विषय आधी डोक्यातून काढा. माळा उतरवून वर खोली आणि न्हाणी बांधतोय, पाणी तापवणाऱ्या जुन्या सोलरची लाईन वर न्यावी की दोनशेचा काढून तीनशे लिटरचा बसवावा, असं तुम्ही विचारलंय. याच प्रश्नावरून आमच्या दाजींचं आणि माझं अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. पुढचा भाग कौलारू, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी यांच्यावर तेवढा स्लॅब, त्यावर काळी टाकी आणि काचेच्या नळ्यांचा सोलर. धाकट्याचं लग्न ठरलं तशी कौलं उतरवली आणि माळ्याच्या जागी खोली, न्हाणी उभी राहिली. आता वरच्या न्हाणीची फरशी आणि सोलरची बैठक एकाच पातळीवर! खाली शॉवर झकास चालायचा, वर मात्र खालच्या नळाला कशीबशी धार आणि शॉवरला थेंब. दहा मीटर उंचीवरनं पाणी आलं तर कुठं एक किलो दाब मिळतो, आमच्याकडं वर अर्धा मीटरही उतार उरला नव्हता.

प्लंबरनं थंड पाण्याच्या लाईनीला प्रेशर पंप जोडून दिला. थंडचा शॉवर जोरात सुरू झाला आणि त्याच आठवड्यात खालच्या न्हाणीतलं गरम पाणी कोमट यायला लागलं. दाजी चहा पीत म्हणाले, "लिटर कमी पडायलेत रे, तीनशेचा घाल." घरातल्यांनी माना डोलावल्या, कारण दाजींनी स्वतःचं घर बांधलंय. मी पहाटे गच्चीवर गेलो. पावसाचं नाव नाही आणि सोलरच्या व्हेंट पाईपमधनं, म्हणजे टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या उघड्या नळीतनं, पाणी गळतंय. वर कुणीतरी हँडशॉवरचं बटण बंद करून मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवले होते. पंपाच्या जोरानं थंड पाणी गरमच्या लाईनीतनं उलटं सोलरच्या टाकीत शिरत होतं. तीनशेचा काय, पाचशेचा बसवला असता तरी पहाटेपर्यंत तो गारच झाला असता. वरच्या गरम लाईनीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, घातला, उलटं जाणं थांबलं. दाजी आजही म्हणतात की ते हवामानामुळं होतं.

तेव्हा तुम्ही काम चालू असतानाच सोलर नव्या स्लॅबवर चढवा. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच हवा, व्हेंट पाईपचं तोंड थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं. पंप हवाच असेल तर काचेच्या नळ्यांच्या साध्या सोलरच्या आधी मुळीच नको, नळ्यांच्या रबरी रिंगा तो दाब सोसत नाहीत. गरम लाईनीवर, गरम पाणी सोसणारा घ्या, आणि थंडलाही तेवढाच दाब द्या. पाईप सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारं प्लास्टिक, वरनं फोमचं आवरण. पाऊण इंची पाईपात दर मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. न्हाणी लांब काढलीत तर रोज सकाळी तेवढं गार पाणी आधी सोडावं लागेल. बेळगावला पुरवठा करणाऱ्या राकसकोप जलाशयाचं पाणी ज्यांना दिवसाआड मिळतं त्यांना हे सांगायला नको.

पावसाळ्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर सोलर नावालाच असतो. टाकीतली दोन किलोवॅटची कॉईल लावली तर दोनशे लिटर पाणी तीस अंशांनी तापायला सात युनिटं आणि साडेतीन तास. त्यापेक्षा वर छोटा गीझर वेगळा बसवा, स्वस्त पडतो. बंब ठेवला असेल तर उत्तमच, आमच्या आईनं तो विकू दिला नाही.

एक राहिलं. हजार लिटरची टाकी भरली की एक टन, सोलरचं पाणी आणखी दोनशे किलो. खाली भिंती जुन्या चिऱ्याच्या नि मातीच्या जोडाच्या असतील तर स्लॅब ओतायच्या आधी इंजिनिअरला दाखवा, प्लंबरला नाही. आणि दाजींना तर नाहीच.