सत्तरीतलं वजन आणि हृदय: ‘थोडं जाड असलेलं बरं’ या निष्कर्षामागचं गणित

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 70, उंची 152 सेंटिमीटर, वजन 62 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा अंक) 26.8. बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टर तीन-चार किलो उतरवायला सांगतात. तुम्ही मात्र वाचलंय की किंचित जाड माणसं बारीक माणसांपेक्षा जास्त जगतात आणि हे लाखो लोकांच्या अभ्यासातून दिसलंय. मग वजन उतरवावं की राहू द्यावं?

माझं मत: उतरवावं, पण सावकाश, आणि स्नायू राखून. स्नायू राखण्याची व्यवस्था होणार नसेल तर नुसत्या उपासमारीने उतरवू नये. कारणं नीट सांगतो, कारण तुम्ही वाचलेला आकडा खोटा नाही, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो.

तो आकडा बहुधा 2013 सालच्या कॅथरीन फ्लेगल आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणातला असावा. त्यात 97 अभ्यास, सुमारे 28.8 लाख लोक आणि 2.7 लाख मृत्यू होते. बीएमआय 25 ते 30 असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ‘सामान्य’ वजनाच्या (बीएमआय 18.5 ते 25) लोकांपेक्षा 6 टक्के कमी दिसला, 35 च्या वर तो 29 टक्के जास्त निघाला. तीनच वर्षांनी, 2016 मध्ये, 239 अभ्यासांतल्या सुमारे 1 कोटी 6 लाख लोकांची माहिती एकत्र करून दुसरं मोठं विश्लेषण झालं. त्यांनी तीन चाळण्या लावल्या: कधीही धूम्रपान न केलेलेच लोक घेतले, सुरुवातीलाच जुनाट आजार असलेले वगळले, आणि नोंदणीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांतले मृत्यू हिशोबात धरले नाहीत. उरले सुमारे 40 लाख. त्यांच्यात 22.5 ते 25 च्या तुलनेत 25 ते 27.5 या पट्ट्यात धोका 7 टक्के जास्त, 27.5 ते 30 मध्ये 20 टक्के जास्त आणि 30 ते 35 मध्ये 45 टक्के जास्त होता.

या चाळण्या कशासाठी लागतात, हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. कर्करोग, हार्ट फेल्युअर, फुप्फुसाचे जुने विकार, स्मृतिभ्रंश हे आजार निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून माणसाला वाळवायला लागतात. स्मृतिभ्रंशात तर वजन काही वर्षं आधीच घसरायला लागतं. धूम्रपान करणारी माणसंही सरासरीने बारीक असतात आणि लवकर जातात. ही सगळी मंडळी ‘सामान्य वजन’ या गटात जमा होतात आणि त्या गटाचा मृत्युदर वर ओढतात. समजा, 60 किलोच्या रकान्यात 100 जण आहेत. त्यातले 80 आयुष्यभर 60 किलोचे आहेत आणि 20 जण आजारामुळे 72 वरून 60 वर आलेत. एकदाच वजन करणाऱ्या अभ्यासाला हे 20 वेगळे दिसतच नाहीत. मृत्यू मात्र त्यांच्यातच जास्त होतात, आणि शेजारचा 70 किलोचा गट आयताच निरोगी ठरतो. तिशीतल्या लोकांत असे छुपे आजारी थोडे असतात, सत्तरीत बरेच. म्हणून वय वाढेल तसा वजनाचा आलेख सपाट होत गेलेला दिसतो.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ती तुमच्या आईला थेट लागू आहे. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या आणि मणके दबतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या वृद्धत्वावरच्या दीर्घकालीन अभ्यासात तिशी ते सत्तरी या काळात पुरुषांची उंची सरासरी 3 सेंटिमीटर आणि स्त्रियांची 5 सेंटिमीटर घटलेली आढळली. ऐंशीपर्यंत हे आकडे 5 आणि 8 झाले. आई तरुणपणी 156 सेंटिमीटर असेल, तर त्याच 62 किलोला बीएमआय 25.5 येतो. म्हणजे एक ग्रॅमही न वाढता 1.3 अंक वाढले. उलट या वयात स्नायू कमी होऊन त्या जागी चरबी येते, तेव्हा बीएमआय हलतसुद्धा नाही. एका दिशेने जास्त दाखवतो, दुसरीकडे लपवतो. म्हणून सत्तरीनंतर एकट्या बीएमआयवरून निर्णय घेणं मला पटत नाही.

आता ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त घसरायला होतं तो. 2016 च्याच विश्लेषणात बीएमआय 25 च्या पुढे दर 5 अंकांनी वाढला की मृत्यूचा धोका 35 ते 49 या वयात 52 टक्के, 50 ते 69 मध्ये 37 टक्के आणि 70 ते 89 मध्ये 21 टक्के वाढलेला दिसला. यावरून ‘म्हातारपणी वजनाने फारसं बिघडत नाही’ असं लोक म्हणतात. पण हे सापेक्ष आकडे आहेत. हिशोबापुरतं धरा की तरुण गटात वर्षाला हजारी 2 मृत्यू होतात आणि वृद्ध गटात हजारी 40. तरुणांत 52 टक्के वाढ म्हणजे हजारी एक मृत्यू जास्त, वृद्धांत 21 टक्के वाढ म्हणजे हजारी आठ जास्त. टक्का निम्म्याहून कमी झाला, पण जादा मृत्यू आठपट. टक्केवारी वाचताना ‘कशाच्या टक्के?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शिवाय हे सगळं आयुर्मानाबद्दल झालं. तुमचा प्रश्न हृदयाचाही आहे. 2018 मध्ये दहा दीर्घकालीन अभ्यासांतल्या 1,90,672 लोकांच्या माहितीवरून आयुष्यभराचा हिशोब मांडला गेला. 25 ते 30 बीएमआय असलेले मधल्या वयाचे लोक सामान्य वजनाच्या लोकांइतकेच जगले, पण त्यांना हृदयविकार लवकर जडला. म्हणजे आयुष्य तेवढंच, त्यातली आजारासोबतची वर्षं जास्त. फक्त मृत्यू मोजणाऱ्या अभ्यासात हा फरक कधीच दिसत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातला हृदयविकाराचा अभ्यास 1948 मध्ये 5,209 लोकांवर सुरू झाला. त्याच्या 26 वर्षांच्या माहितीवर 1983 मध्ये जे विश्लेषण आलं, त्यातही तरुणपणानंतर चढलेलं वजन हृदयविकाराचा धोका वाढवतं, हे स्पष्ट दिसलं होतं. म्हणून आईचं वजन चाळिशीत किती होतं, साठीत किती होतं, हे आधी शोधा. जुने फोटो, जुन्या तपासण्यांचे कागद कामाला येतात.

मग वजन उतरवलं की हृदय वाचतं का? इथे प्रयोगांचं उत्तर सरळ नाही. ‘लुक अहेड’ या चाचणीत टाइप 2 मधुमेह असलेल्या 5,145 जणांपैकी निम्म्यांना आहार-व्यायामाचा कडक कार्यक्रम दिला. पहिल्या वर्षी त्यांचं वजन 8.6 टक्के उतरलं, शेवटी 6 टक्के टिकलं, तरी सुमारे साडेनऊ वर्षांनंतर हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरेंत दोन गटांमध्ये फरक पडला नाही. बीपी, साखर, हालचाल यांत फायदे मात्र झाले. उलट 2023 च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाने अशा घटना 20 टक्के कमी झाल्या (8 टक्क्यांवरून 6.5 टक्के). त्यात 17,604 लोक होते, सगळ्यांना आधीपासून हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार होता, मधुमेह नव्हता आणि बीएमआय 27 किंवा त्याहून जास्त होता. फायदा बराचसा वजन उतरण्याआधीच दिसू लागला, त्यामुळे तो केवळ वजनामुळे झाला असं म्हणता येत नाही. तुमची आई या गटात बसत नाही. तो निष्कर्ष तिला लावू नका. तिच्या बाबतीत बीपी, कोलेस्टेरॉल आणि साखर आटोक्यात ठेवणं हे तीन-चार किलोंपेक्षा मोठं काम आहे.

करायचं काय ते आता. आधी कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, टेप जमिनीला समांतर, सहज श्वास सोडून झाल्यावर. बेंबीवरून मोजू नका. पोट सुटलं की बेंबी खाली सरकते आणि माप फसवं येतं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, म्हणजे इथे 76 सेंटिमीटरच्या आत, 0.6 पट, म्हणजे 91 च्या वर गेली तर धोका बराच. उंची न पाहता ठरवायचं झालं तर दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा वापरतात. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात कंबर आणि नितंबांच्या घेराचं गुणोत्तर हार्ट अटॅकशी बीएमआयपेक्षा जास्त घट्ट जुळलं होतं.

मग पायांची ताकद. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, हात छातीवर दुमडून, पाच वेळा उठा-बसायचं आणि वेळ लावायची. 15 सेकंदांहून जास्त लागले तर स्नायू आधीच कमजोर आहेत असं समजा, आणि वजनाच्या आधी ताकदीचं काम हाती घ्या.

स्नायूंवर इतका भर का, हे 2017 च्या एका चाचणीतून कळतं. 65 च्या पुढच्या 160 स्थूल लोकांचे चार गट केले: तीन गटांना सहा महिने आहारासोबत चालण्यासारखा व्यायाम, वजनं उचलणं किंवा हे दोन्ही दिलं, चौथ्याला यातलं काहीच नाही. व्यायाम केलेल्या तिन्ही गटांत वजन सारखंच, सुमारे 9 टक्के उतरलं. पण फक्त चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन 5 टक्के घटलं, दोन्ही व्यायाम करणाऱ्यांचं 3 टक्के आणि फक्त वजनं उचलणाऱ्यांचं 2 टक्के. नितंबाच्या हाडाची घनताही चालणाऱ्यांत 3 टक्के कमी झाली, दोन्ही करणाऱ्यांत 1 टक्का. सगळ्यात चांगली कार्यक्षमता दोन्ही करणाऱ्यांची झाली. घरोघरी नेमकं उलटं होतं: जेवण निम्मं आणि फक्त फेऱ्या. नंतर वजन परत चढतं तेव्हा चरबी आधी येते, गेलेला स्नायू तेवढा येत नाही.

आईसाठी सहा महिन्यांत 5 टक्के, म्हणजे 3 किलो, महिन्याला अर्धा किलो, इतकंच लक्ष्य ठेवा. प्रथिनं दिवसाला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 62 ते 75 ग्रॅम, आणि ती एकाच जेवणात न घेता दिवसभरात विभागून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. आठवड्यातून किमान दोनदा रबरी पट्टा किंवा हलकी वजनं, सोबत खुर्चीवरून उठणं. बाकी दिवशी चालणं.

वजन आठवड्यातून एकदाच करा: सकाळी, शौचानंतर, न खाता, त्याच कपड्यांत, काटा टणक फरशीवर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि पाय सुजले तर ती चरबी नाही, पाणी आहे. लगेच डॉक्टरांना दाखवा.

वजन उतरू लागलं की बीपीची गोळी जड होऊ शकते. बसून बीपी घ्या, मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला, किंवा उठताना भोवळ आली, तर डोस बदलण्याबद्दल विचारा. स्वतः गोळी बंद करू नका. या वयात पडून मांडीचं हाड मोडणं हे तीन किलो जास्त असण्यापेक्षा फार वाईट.

आणि काही न करता सहा ते बारा महिन्यांत 5 टक्के वजन आपोआप गेलं, तर ‘बरं झालं, उतरलं’ म्हणून खूश होऊ नका. वर ज्या छुप्या आजाऱ्यांनी आकडेवारी फसवली, त्यांची सुरुवात अशीच होते. गेल्या वर्षभरातल्या वजनाच्या तारीखवार नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा.