चढणीचे हेरिंग का घटले?

प्रश्न : आम्ही मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्यावर राहतो. वसंत ऋतूत आमच्या गावच्या ओढ्यावर दहा-दहा मिनिटे उभे राहून वर चढणारे हेरिंग मासे मोजणाऱ्या स्वयंसेवकांत मीही असते. येथे २००६ पासून हे मासे पकडायला बंदी आहे, तरी ते पूर्वीसारखे दिसत नाहीत. कोणी धरणांना दोष देते, कोणी समुद्रातल्या ट्रॉलरना, तर कोणी त्यांना खाणाऱ्या स्ट्राइप्ड बास माशांना. खरे कारण कोणते?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या ओढ्यात येणाऱ्या एलवाइफ आणि ब्लूबॅक या दोन जातींना मिळून रिव्हर हेरिंग म्हणतात. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे निघतात तसे हे वसंतात अंडी घालायला वर येतात. मात्र ते वाढतात समुद्रात, आणि साधारण तीन ते पाच वर्षांचे झाल्यावर बहुधा जन्मलेल्याच नदीत परततात. त्यामुळे नदीत आणि समुद्रात, दोन्हीकडे त्यांचा घात होऊ शकतो, आणि माझ्या मते तो दोन्हीकडे झाला आहे.

सर्वांत जुने आणि सर्वांत ठोस कारण म्हणजे बंधारे. गिरण्यांसाठी बांधलेल्या बंधाऱ्यांनी न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे तुमच्या राज्यासह अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडच्या राज्यांतल्या, कितीतरी नद्यांचा वरचा भाग या माशांना दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच बंद करून टाकला. मेन राज्य आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या सेंट क्रॉय नदीत याचा जणू प्रयोगच झाला. १९८७ मध्ये तेथे २६ लाखांहून अधिक एलवाइफ चढले होते. हे मासे तिथल्या स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या (स्ट्राइप्ड बासहून वेगळ्या) माशांच्या मुळावर येतात, या समजुतीने १९९५ मध्ये मेनने त्यांची वाट अडवली आणि २००२ मध्ये मोजणीत जेमतेम ९०० मासे आले. ती वाट पूर्ववत खुली व्हायला २०१३ उजाडले. याउलट, मेनमधल्याच केनेबेक नदीवरचे एडवर्ड्स धरण १९९९ मध्ये पाडले गेले, पुढे तिच्या सेबास्टिकुक या उपनदीवरचेही एक धरण काढले, आणि आता त्या उपनदीत लाखोंनी मासे चढतात.

परंतु एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. कनेक्टिकट नदीवर होल्योक येथे मासे धरणापलीकडे नेणारी लिफ्ट चालूच होती, तरीही १९८०च्या दशकात लाखोंनी मोजले जाणारे ब्लूबॅक २००६ पर्यंत शंभराच्याही आत आले. याच काळात स्ट्राइप्ड बासची संख्या सावरत होती, त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवले जाणे साहजिक आहे. मात्र हे दोन्ही मासे या किनाऱ्यावर हजारो वर्षे एकत्र नांदले आहेत. आधीच विरळ झालेल्या थव्यांवर भक्षकाचा भार अधिक जाणवतो, इतकेच त्यातून म्हणता येईल.

समुद्रातला भाग मला अधिक गंभीर वाटतो. १९६०च्या दशकात परदेशी जहाजांनी या माशांचा प्रचंड उपसा केला. आज अटलांटिक हेरिंग (नदीत न चढणारी, समुद्रातच राहणारी वेगळी जात) आणि मॅकरेल यांच्यासाठी ओढल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांत ते सोबतीने सापडतात. अशा माशांच्या जनुकीय तपासणीत दिसले आहे की, दक्षिण न्यू इंग्लंडजवळच्या पाण्यात होणाऱ्या या हानीचा मोठा वाटा तिथल्याच नद्यांच्या माथी पडतो. २०१४ पासून अशा पकडीवर मर्यादा आहे. परंतु ती सर्व नद्यांच्या माशांची मिळून धरलेली असल्याने एखाद्या लहान ओढ्याचे मासे मर्यादेच्या आतही संपू शकतात.

तुमच्या ओढ्यापुरते दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. रस्त्याखालच्या मोरीचे तोंड पाण्याच्या पातळीपासून हातभर वर लटकत असेल, तर मासा तेथेच थांबतो, कारण सामनप्रमाणे उंच उडी मारणे हेरिंगला जमत नाही. दुसरी गोष्ट मोजणीच्या काळात दिसतच नाही. वर तळ्यात वाढलेली बोटाएवढी पिल्ले उन्हाळा आणि शरद ऋतूत समुद्राकडे निघतात, आणि नेमक्या त्याच काळात नळयोजनांसाठी व बागांसाठी पाणी उपसल्याने ओढे आटतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही एखादी फेरी मारून तळ्याच्या सांडव्यावरून पाणी वाहते आहे का, ते तारखेनिशी नोंदवा आणि वसंतातल्या आकड्यांसोबत राज्याच्या मत्स्य विभागाला कळवा.