नोकरी करून घरी आल्यावर स्वतःची वेबसाइट, चित्रं अशी कामं नेटाने पुढे कशी न्यायची?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात नोकरी करता, घरी यायला साडेसात होतात आणि हातात तीन अर्धवट कामं आहेत: आजींच्या जात्यावरच्या ओव्यांची वेबसाइट, एक छोटा गेम आणि स्वतःच्या चित्रांचं पान. सुरुवात जोरात होते, मग फाइल उघडायचाही कंटाळा येतो. रोज किती तास द्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

तासांचा हिशोब बाजूला ठेवा. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते आणि संध्याकाळी चादरीच्या नक्ष्या काढायचं एक वेबपान बनवते. यातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. उद्या तुम्ही कामाला बसणार की नाही, हे आज उठताना काम कुठल्या अवस्थेत ठेवलंत यावर ठरतं.

जेवणं आटोपली की अर्धा-पाऊण तास डोकं बऱ्यापैकी चालतं. पण तो वेळ ‘मी कुठवर आले होते, हे असं का लिहिलंय, आता काय करायचं’ यातच गेला तर हाती काही लागत नाही. दोन-तीन संध्याकाळी अशा गेल्या की लॅपटॉप उघडणंच नको वाटतं. तुमचा कंटाळा बहुतेक या जातीचा आहे. त्याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नका.

म्हणून शेवटची पाच मिनिटं मी फक्त चिठ्ठी लिहिते. कोडच्या फाइलमध्ये सगळ्यात वर, कॉमेंट म्हणून (म्हणजे कॉम्प्युटर सोडून देतो अशी ओळ), साध्या मराठीत. एक जशीच्या तशी देते: ‘अर्धा मोर उलटा करून जोडला की मधली उभी ओळ दोनदा येते. मिरर फंक्शनमध्ये शेवटचं घर वगळून बघ. आधी पाच घरांच्या नक्षीवर कर, मोरावर नको.’ काय बिघडलंय, पहिला हात कुठे घालायचा आणि झालं की नाही हे कशावर तपासायचं, हे सगळं त्यात आहे. नुसतं ‘मिरर दुरुस्त करणे’ लिहून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तोच शोध पुन्हा घ्यावा लागतो. चित्राचंही तसंच. कागदाच्या मागे पेन्सिलीने: ‘डावी सावली झाली. उद्या कळसाखालची पट्टी, तोच राखाडी, पाणी कमी.’

शक्यतो पुढची पायरी माहीत असतानाच उठा. अजून दहा मिनिटं बसले असते तर झालं असतं, अशा जागी थांबायला जिवावर येतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून हात आपोआप चालू लागतो.

आपल्याकडे मागावर हे रोज दिसतं. जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी एक कार्ड पुढे येतं. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. लाइट गेली, माग थांबला, तरी नक्षी कुठवर आली हे त्या माळेत जसंच्या तसं राहतं. लाइट आली की विणणारा तुटलेला धागा बघतो, गरज पडली तर माळ थोडी मागे घेतो आणि तिथून पुढे विणतो. थांबली म्हणून चादर कुणी पहिल्यापासून सुरू करत नाही. तुमची चिठ्ठी म्हणजे ते कार्ड समजा.

याच कार्डांमुळे मी या कामाला लागले, हेही सांगते. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्ड यांचं यंत्र १८०४ च्या सुमाराचं. पुढे इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजाच्या, आराखड्यात हीच भोकांच्या कार्डांची कल्पना घेतली, आणि १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेची मोजणी हर्मन होलरिथ यांच्या कार्डांच्या यंत्रांवर झाली. ज्या शहरात घराघरातून मागाचा खडखडाट ऐकू येतो, तिथे बसून ब्राउझरमध्ये घरं रंगवायची आणि त्याची नक्षी होताना बघायची, याचा मला मनापासून आनंद होतो. कामावरून दमून आल्यावर तेवढी ओढ लागतेच. इतरांना आवडेल म्हणून निवडलेला विषय दमलेल्या माणसाला खुर्चीत बसवत नाही.

ऑफिस डोक्यातून निघत नाही हे दुसरं दुखणं, आणि त्यावरही चिठ्ठीच उपयोगी पडते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. २०१८ मध्ये तिने थेरेसा ग्लोम यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट तपासली: काम सोडताना ‘कुठवर आलोय आणि परत आल्यावर काय करायचं’ एवढं थोडक्यात लिहून काढलं तर मन पुढच्या कामाला मोकळं होतं. म्हणून मी कारखान्यातून निघताना टेबलावरच्या वहीत दोन ओळी लिहिते: कुठल्या पार्टीचं बिल अडलंय, सकाळी पहिला फोन कुणाला. घरी येईपर्यंत ते बिल डोक्यात घोळत राहत नाही. तुम्ही आधी हीच चिठ्ठी सुरू करा, घरची नंतर.

आता काम कसलं ठेवायचं. रोज उठताना तुमचं पान चालत्या अवस्थेत असलं पाहिजे, कितीही अपुरं असो. माझं पान अगदी सुरुवातीला चौकोनी घरांचा एक तक्ता होतं. घरावर बोट ठेवलं की रंग भरतो, बस. पण ते उघडत होतं, कुणाच्या हातात देता येत होतं. आमच्या कारखान्यात नक्षीचे ग्राफ काढणारे एक जुने डिझायनर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, मोर दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, ‘मॅडम, मधलं घर डबल पडलंय. कापडावर मधोमध जाड रेघ दिसंल.’ ती चिठ्ठी त्याच रात्रीची.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळालं नसतं. कापडात एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, हे सारखं नसतं. चौरस घरांवर काढलेलं गोल फूल कापडावर लांबट नाहीतर चपटं होतं. म्हणून नक्षीचा ग्राफ कागद त्या प्रमाणात आखलेला असतो. माझ्या पानावर आता उभ्या-आडव्या धाग्यांचं प्रमाण बदलायची एक पट्टी आहे, ती सरकवली की सगळी घरं त्या मापात ताणली जातात. मला स्वतःला ते पान आवडतं ते या पट्टीमुळे. पूर्ण झाल्यावरच दाखवायचं ठरवलं असतं तर अण्णांपर्यंत ते कधी पोचलंच नसतं. शंभर अनोळखी लोकांनी लाइक करण्यापेक्षा त्या कामातल्या एका जाणत्या माणसाने दोन मिनिटं बघितलेलं मोलाचं.

वेळेबद्दल आता थोडं. सगळ्या संध्याकाळी सारख्या नसतात, तेव्हा रोजचा एकच नियम करू नका. माझ्याकडे महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला थ्रीबी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मी घरी काहीच ठरवत नाही. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर ती संध्याकाळ भांडी, टाक्या भरण्यात जाते. पाहुणे, लग्नसराई, जानेवारीत गड्डा यात्रेची गर्दी, हे सगळं धरूनच चालायचं. अशा दिवसांसाठी डोकं न लागणारी कामं वेगळी काढून ठेवते: फोटो लहान करणं, रंगांना नावं देणं, जुन्या नक्ष्या फोनवर बघून बरी-वाईट ठरवणं. आणि ज्या संध्याकाळी डोकं ताजं असतं, ती अशा बारीकसारीक कामात मुळीच घालवू नये. त्या वेळी चिठ्ठीतलं सगळ्यात अवघड काम घ्यायचं.

खाडा पडला तर घाबरू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एखादी नवी सवय लावायला सांगून त्यांची नोंद ठेवली. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते अशा ज्या गोष्टी सगळीकडे फिरतात, त्यांच्या नादाने लोक बाविसाव्या दिवशी उगाच निराश होतात. याचा मला खरंच राग येतो, कारण त्यात चांगली चांगली कामं मरतात.

अवजारं साधी ठेवा. माझं सगळं पान एका एचटीएमएल फाइलमध्ये आहे, डबल क्लिक केलं की उघडतं. नक्षी कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्राच्या चौकटीत उमटते, काढलेलं ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, त्याच यंत्रावर राहतं. फ्रेमवर्क, म्हणजे कोडचे तयार सांगाडे, वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण महिनाभराने परत आल्यावर आधी पॅकेजेस अपडेट करत बसावं लागलं तर तुमचा अर्धा तास तिथेच संपला. गिट, म्हणजे फाइलींच्या जुन्या अवस्था जपून ठेवणारं साधन, मात्र शिकून घ्या. रोजचं काम त्यात नोंदवलं की हवं ते मोडून बघायची हिंमत येते, आणि गिटहब पेजेसवर साधं पान फुकट ठेवता येतं. डोमेन विकत घ्यायची घाई नको.

तुमच्या तीन कामांपैकी कुठलं आधी? काम निवडताना मी एक बघते: त्याचे एका बैठकीत पुरे होणारे तुकडे पडतात का. माझी मैत्रीण सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ शिवलिंगांची रेखाचित्रं काढते आहे. सुट्टीच्या सकाळी एक लिंग, एक कागद. शहरभर विखुरलेली ती ठिकाणं शोधायचंच अर्धं काम आहे, पण प्रत्येक कागद आपापल्या जागी पुरा असतो. मध्ये दोन महिने थांबली तरी झालेलं वाया जात नाही. गेमचं तसं नसतं. त्याचे सगळे भाग जुळून आल्याशिवाय तो खेळता येत नाही, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवा. चित्रांचं पान कधीही होईल, चित्रं कुठे जात नाहीत.

ओव्या घ्या. एक ओवी म्हणजे एक संध्याकाळ: ऐकायची, उतरवून घ्यायची, एखाद्या शब्दाचा अर्थ आजींना विचारून खाली टीप लिहायची, पानावर चढवायची. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे ‘mr’ घाला. ज्या फाँटमध्ये तशी सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ओव्या वाचणाऱ्या आयाबायांच्या डोळ्याला तो फरक लगेच कळतो.

पण कोडच्या आधी रेकॉर्डिंग करा. या रविवारपासूनच. फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर पुरतो, फोन टेबलावर न ठेवता घडी केलेल्या चादरीवर ठेवा म्हणजे खडखड येत नाही. पंखा बंद ठेवावा लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात आजींना दुपारी तसं बसवणं बरं नाही, तेव्हा सकाळी लवकर घ्या. एका वेळी चार-पाच ओव्या, त्या दमायच्या आत थांबायचं. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि ओवीचे पहिले दोन शब्द लिहा, आणि त्याच दिवशी फाइल दुसऱ्या जागी उतरवून ठेवा, पेन ड्राइव्हवर किंवा भावाबहिणीच्या फोनवर.