ऑस्ट्रेलियात घरात एकाचाच पगार असेल तर फॅमिली टॅक्स बेनिफिट लगेच मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की पीआर (कायमस्वरूपी राहण्याचा परवाना) मिळून चार महिने झाले, नवरा एकटा कमावतो, तुम्ही दोन वर्षांच्या लेकीपायी घरी आहात, आणि जो भेटेल तो सांगतो, "नवीन पीआरला वर्षभर काही मिळत नाही." नुकत्याच विभक्त झालेल्या मैत्रिणीचंही विचारलंय.

अर्धंच खरं आहे ते. फॅमिली टॅक्स बेनिफिट म्हणजे मुलं असलेल्या घरांना सरकारकडून मिळणारे पैसे, आणि त्याचे दोन भाग असतात. वर्षभर थांबावं लागतं ते पार्ट ए साठी. पार्ट बी ला ती अट नाही. आणि एकटे आई-वडील किंवा एकाच मुख्य पगारावर चालणारी घरं, यांच्यासाठी असतो तो नेमका पार्ट बी. आपल्यात दोन्हींना सरसकट "फॅमिली टॅक्स" म्हणतात, तिथून हा घोळ होतो. आम्हीही असंच ऐकून बरेच महिने गप्प बसलो होतो. नशीब, संपलेल्या आर्थिक वर्षाचे (इथे जुलै ते जून) पैसे पुढच्या 30 जूनपर्यंत एकरकमी मागता येतात, त्यामुळे निभावलं. तुम्ही मायगव्ह (सरकारी सेवांचं ऑनलाइन खातं) उघडा, त्याला सेंट्रलिंक (हे पैसे देणारी सरकारी सेवा) जोडा आणि आजच अर्ज टाका.

आता हिशोब. पार्ट बी ला दोघांच्या उत्पन्नाची बेरीज करत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं बघतात. ज्याचं जास्त, त्याचं 2024-25 साठी 1,17,194 डॉलरच्या आत हवं होतं. एक डॉलर जरी वर गेला तरी हातात शून्य, थोडं थोडं कमी होत जाणं वगैरे प्रकार नाही. ज्याचं कमी (म्हणजे तुमचं), त्याला 2024-25 मध्ये पहिले 6,789 डॉलर माफ होते, त्यापुढच्या प्रत्येक डॉलरमागे 20 सेंट कापतात. हे आकडे दर जुलैला बदलतात, तेवढं तपासून घ्या.

आमची फजिती इथेच झाली, आणि चूक पूर्णपणे आमची. यांचं करपात्र उत्पन्न 1,11,000 च्या आसपास होतं, मी तोच आकडा अंदाज म्हणून भरला आणि दर पंधरवड्याला पैसे येत राहिले. पण यांनी पगारातले 8,000 सॅलरी सॅक्रिफाइस करून (म्हणजे कर कापण्याआधीच) सुपरमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या फंडात, टाकले होते. टॅक्सच्या हिशोबातून ते बाहेर जातात, पण फॅमिली टॅक्स बेनिफिटच्या हिशोबात परत आत येतात. झाले 1,19,000. टॅक्स रिटर्न भरल्यावर पत्र आलं: वर्षभराचा सगळा पार्ट बी परत करा. मी ते पत्र तीन वेळा वाचलं, मग फ्रिजवर चिकटवलं आणि दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. (सुपरमध्ये पैसे टाकण्याची कल्पना माझीच होती, ही गोष्ट वेगळी.)

असेच परत आत येणारे आणखी दोन: कंपनीने दिलेले, रिपोर्ट होणारे फ्रिंज बेनिफिट (पगाराव्यतिरिक्तच्या सोयी) आणि भाड्याने दिलेल्या घरावर दाखवलेला तोटा. भारतातल्या एफडीचं व्याज आणि फ्लॅटचं भाडं तर पीआर झाल्यावर इथल्या टॅक्समध्येच धरायचं असतं. एनआरई खात्याचं (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्याचं) व्याज तिकडे करमुक्त आहे म्हणून इकडे सुटतं, असं समजू नका. तुमच्या नवऱ्याचं उत्पन्न मर्यादेच्या जवळ असेल तर पंधरवड्याचे पैसे घेऊच नका, वर्षअखेरीला एकरकमी मागा. हप्ते बुडतात, पण मागून वसुली येत नाही. मी आता तसंच करते.

तुमच्या नुकत्याच विभक्त झालेल्या मैत्रिणीबद्दल. तिच्या बाबतीत फक्त तिचंच उत्पन्न बघतील, आणि ते वरच्या मर्यादेत असेल तर पार्ट बी पूर्ण मिळेल. 20 सेंटची कात्री तिला नाही. जोडप्यांचा पार्ट बी धाकटं मूल 13 वर्षांचं झालं की थांबतो, एकट्या पालकाला मात्र मूल शिकत असेल तर ते 18 चं होईपर्यंत मिळू शकतो. मुलाच्या वडिलांकडून येणाऱ्या चाइल्ड सपोर्टमुळे पार्ट बी कमी होत नाही, कमी होतो तो पार्ट ए. पण पार्ट ए पूर्ण हवा असेल तर चाइल्ड सपोर्टसाठी अर्ज करावाच लागतो. घरात मारहाण किंवा धाक असेल तर त्यातून सूट मागता येते. हे तिला नक्की सांगा, बऱ्याच जणी भीतीने अर्जच करत नाहीत.

भारतात जाणार असाल तर सहा आठवड्यांच्या आत परत या, त्यानंतर पार्ट बी बंद होतो. लग्नसराईत दोन महिने काढायचे बेत असतात आपले, म्हणून सांगितलं.

एक शेवटचं, कारण हेच सगळे विसरतात. तुमचं उत्पन्न शून्य असलं आणि रिटर्न भरायची गरज नसली, तरी "मला रिटर्न भरायचं नाही" हे सेंट्रलिंकला कळवावं लागतं. ते कळवलं नाही तर नवऱ्याने रिटर्न वेळेवर भरूनही वर्षाचा हिशोब तुमच्यासाठी अडून राहतो.