थर चढवताना पान हरवू नये म्हणून

प्रश्न : मी बडोद्यात राहते आणि हौसेने चित्रे काढते. माणूस आणि निसर्ग यांचे नाते दाखवण्यासाठी विश्वामित्रीच्या काठची माती, वाळलेली पाने आणि आजीच्या जुन्या पत्रांचे तुकडे मी कागदावर एकावर एक चिकटवते व त्यांवर जलरंग चढवते. मात्र चार-पाच थरांनंतर सगळे मळकट होते. माझे कुठे चुकते?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आजीचे अक्षर आणि नदीची माती एकाच कागदावर आणावीशी वाटणे, यातच तुमच्या चित्राचा जीव आहे, तो कृपया सोडू नका. अडचण साधनांची आहे. जलरंगातील डिंक वाळल्यानंतरही पाण्याने पुन्हा विरघळतो, त्यामुळे वरचा हात फिरताच खालचा रंग उठतो आणि मातीत कालवला जातो. अॅक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, म्हणून खालचे थर त्यात करावेत. माती अपारदर्शक असल्याने ती वस्त्रगाळ करून तळाशीच वापरावी आणि तिच्यावर पातळ, पारदर्शक रंग द्यावा.

पान मात्र अख्खे चिकटवू नका. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात कुजू द्यावे, मधूनमधून पाणी बदलावे आणि गर सुटू लागला की मऊ ब्रशने हलकेच काढावा. मागे शिरांची जाळी उरते, जी आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वहीत जपली होती. ही जाळी पत्रावर ठेवली, तर शिरांच्या आडून अक्षरे दिसतात, आणि तुम्हाला जे नाते सांगायचे आहे ते तिथे आपोआप उमटते. मूळ पत्रे मात्र चिकटवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शाई फुटली की ती परत मिळणार नाहीत. त्यांची झेरॉक्स पुरेशी आहे.

इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळक्या पानांतून आणि काटक्यांतून आकृती घडवत, तरी त्यांत पान पानच राहत असे. तुमच्या गावातील कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ पासून रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. त्यांपैकी ‘गंगावतरण’ जवळून, सावकाश पाहा. एका थराने खालच्या थराला किती मोकळे ठेवायचे, याचा विचार मनात धरून पाहिलेत, तर त्या भिंतीसमोर तासभर सहज जाईल.

पुढच्या चित्रात तिसऱ्या थरापाशी थांबा, कागद आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवा आणि आजीचा एखादा तरी शब्द शिरांमधून वाचता येतो का, ते पाहूनच पुन्हा ब्रश हाती घ्या.