बुकशेल्फ स्पीकरचा क्रॉसओव्हर बदलायच्या आधी हे वाच

भावा, खडेबाजारातनं तयार क्रॉसओव्हर बोर्ड (जाडा आवाज मोठ्या वूफरला नि बारीक आवाज छोट्या ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) आणून बसवणार म्हणालास, ते आधी थांबव. कारण तो बोर्ड कुणाच्या तरी दुसऱ्याच वूफर-ट्वीटरसाठी असतोय, तुझ्या पेटीला तो बसंल असं नाही.

पहिल्यांदा पेटी उघडून बघ की. स्वस्त पेटीत बहुतेक वेळा ट्वीटरला एकच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (जाडा आवाज अडवणारा स्वस्तातला भाग) असतोय नि वूफर थेट जोडलेला, म्हणजे वूफर वरचं पण सगळं वाजवतोय आणि गाण्यातल्या बाईचा आवाज टोचतोय तो तिथनंच. नुसता कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा घातलास तर फार फरक पडणार नाही, वूफरला कॉइल (वरचा आवाज अडवणारं तारेचं वेटोळं) पाहिजेच.

आता मोठी चूक सांगतो, मीबी केली होती. स्पीकरवर 8 ओहम लिहिलंय म्हणून कपॅसिटरच्या सूत्रात 8 धरलं, 3000 हर्ट्झला आवाज वाटायचा म्हणून 6.6 मायक्रोफॅरड आलं, घातलं, आवाज पार विस्कटला. कारण 8 हा नुसता छापलेला आकडा, खरा इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) फ्रिक्वेन्सीप्रमाणं बदलतोय, वूफरचा तर त्याच्या आतल्या व्हॉइस कॉइलमुळं तिथं दुप्पट पण होतोय. म्हणून साधा माइक घे, आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय, दोन्ही ड्रायव्हर (वूफर नि ट्वीटर) त्याच पेटीत बसवून वेगवेगळे मोज, इम्पिडन्स पण मोज, मग विटुइक्सकॅड या स्पीकर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसओव्हर डिझाइन कर.

ट्वीटर मोजताना कपॅसिटर लावूनच मोज, नाहीतर जळू शकतोय. क्रॉसओव्हरमध्ये दोन कॉइल आल्या तर त्या एकमेकींना काटकोनात ठेव. आणि एकाच पेटीत बदल कर आधी, दुसरी तशीच ठेव, शेजारी ठेवून ऐकायला.