मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या उतारावरून माती किती वाहून जाते, हे भूगोलाचे संशोधक कसं ठरवतात?

बहुतेक जण विश्मायर-स्मिथ यांचं समीकरण वापरतात. पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी नि तीव्रता, पिकाचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा गुणाकार केला की वर्षाला हेक्टरी किती टन माती सुटते याचा अंदाज मिळतो. पण समीकरण अमेरिकेतल्या शेतांवर बेतलेलं, आणि त्यात घळींची धूप धरलेलीच नाही. आपल्याकडे ओढ्याकाठची रानं घळीच तर खातात! म्हणून तलावातला गाळ मोजून आकडा पडताळतात. अर्थात सुटलेली सगळी माती तलावापर्यंत पोचत नाही, बरीच मध्येच बांधाला अडते.

बीडकडे खरा धोका जूनमध्ये. पाळ्या घालून रान उघडं, सोयाबीन अजून उगवायचं, आणि जोराचा पाऊस. उताराला आडवी पेरणी केली तरी बराच फरक पडतो.